पहिल्या मिनिटाची शिक्षिका

प्रसूतीनंतर घरी नेलेल्या डिस्चार्ज कार्डवर बाळाचे वजन, जन्मवेळ यांच्या शेजारी ‘अ‍ॅपगार’ म्हणून एक आकडा असतो. ७/१०, ८/१०, ९/१०. ग्रामीण रुग्णालय असो वा शहरातले मोठे खासगी इस्पितळ, ही नोंद सगळीकडे असते. काही आईबापांना तो परीक्षेतल्या गुणांसारखा वाटतो आणि दहापैकी दहा का मिळाले नाहीत म्हणून ते काळजीत पडतात. (पहिल्याच मिनिटाला पूर्ण दहा फार थोड्या बाळांना मिळतात. हातपाय काही मिनिटे निळसर राहणे ही नेहमीची गोष्ट आहे, तिथे एक गुण जातोच.) अ‍ॅपगार हे एका बाईंचे आडनाव आहे, हे मात्र हा आकडा रोज लिहिणाऱ्यांतल्याही अनेकांना ठाऊक नसते.

व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतल्या न्यूजर्सी राज्यात वेस्टफील्ड या गावी झाला. वडील नोकरी-व्यवसाय सांभाळून घरी दुर्बीण आणि बिनतारी यंत्रे जुळवत बसणारे हौशी गृहस्थ होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात एका जर्मन बिनतारी केंद्रावरून जाणारे संशयास्पद संदेश त्यांनी घरच्या यंत्रावर मुद्रित केले होते. घरात सगळे वाद्ये वाजवत. आजारपणही घरातच होते. एक भाऊ लहानपणीच क्षयाने गेला, दुसरा कायम दुखणाईत. डॉक्टर व्हायचे, हे या मुलीने शाळेत असतानाच ठरवले होते.

माउंट होलियोक या मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन त्या १९२९ मध्ये पदवीधर झाल्या. पैशांची ओढाताण असल्याने शिकता शिकता अनेक किरकोळ कामे केली. शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी मांजरे पकडून आणणे हे त्यांतले एक. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि काही आठवड्यांत शेअर बाजार कोसळला. ९० विद्यार्थ्यांच्या वर्गात मुली ९. कर्ज काढून, वाद्यवृंदात वाजवत त्यांनी शिक्षण पुरे केले आणि १९३३ मध्ये चौथ्या क्रमांकाने बाहेर पडल्या. डोक्यावर चार हजार डॉलरच्या आसपास कर्ज होते. मंदीच्या काळात ही रक्कम लहान नव्हती.

त्यांना सर्जन व्हायचे होते. हात चांगला होता, जागाही मिळाली. पण विभागप्रमुख अ‍ॅलन व्हिपल यांनी त्यांना त्या वाटेवरून वळवले. आपल्या हाताखाली तयार झालेल्या स्त्री-सर्जनांना पुढे रुग्ण मिळत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. शिवाय शस्त्रक्रिया जितकी पुढे सरकत होती तितके भूल देण्याचे शास्त्र मागे पडत होते, आणि हुशार माणसे तिकडे जायला तयार नव्हती. व्हिपल यांचा सल्ला व्यवहारी होता, हे खरे. एखाद्या हुशार पुरुष सर्जनला त्यांनी तो दिला असता का, हा प्रश्न मात्र उरतोच.

त्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक रुग्णालयांत भूल देण्याचे काम परिचारिका करत. डॉक्टरांच्या दृष्टीने ते दुय्यम काम होते. वैद्यकीय पदवी आणि सर्जरीची दोन वर्षे पदरात असलेल्या अ‍ॅपगार यांनी आपल्याच रुग्णालयातल्या परिचारिकांच्या भूल-प्रशिक्षणात नाव घातले आणि वर्षभर त्यांच्याकडून शिकल्या. आजही एखादा एम.एस. झालेला डॉक्टर सिस्टरांच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसला तर वॉर्डात कुजबुज होईल. १९३५-३६ मध्ये ती किती झाली असेल, याची कल्पना करता येते.

भूल देणे म्हणजे औषध देऊन झोपवणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक काम श्वासाचे असते. मास्क चेहऱ्यावर कसा धरायचा, हनुवटी किती उचलली की जीभ मागे पडत नाही, हातातल्या पिशवीच्या फुगण्या-बसण्यावरून श्वास उथळ झाला हे कसे ओळखायचे, ओठांचा रंग कधी बदलू लागतो. हे पुस्तकातून येत नाही. जिने हजारदा केले आहे तिच्या शेजारी उभे राहून, तिचा हात पाहून आणि मग तिच्या देखत स्वतः करून येते. ते ज्यांच्याकडे होते, त्यांच्याकडे अ‍ॅपगार गेल्या.

त्यानंतर १९३७ मध्ये सहा महिने विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन येथे राल्फ वॉटर्स यांच्याकडे आणि पुढचे सहा महिने न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात एमरी रोव्हनस्टाइन यांच्याकडे त्या शिकल्या. वॉटर्स यांचा विभाग हा अमेरिकेतल्या विद्यापीठांमधला भूलशास्त्राचा पहिला विभाग, आणि रोव्हनस्टाइन त्यांचेच शिष्य. मॅडिसनला स्त्री-डॉक्टरांसाठी राहण्याची सोयच नव्हती. त्यामुळे त्यांना बिऱ्हाड पुन्हा पुन्हा हलवावे लागले.

१९३८ मध्ये त्या कोलंबियाच्या रुग्णालयात परतल्या, त्या नव्या भूल विभागाच्या प्रमुख म्हणून. तिथे कुठल्याही विभागाची प्रमुख झालेली ही पहिली स्त्री. पद मोठे होते आणि हाताशी माणसे नव्हती. काम डोंगराएवढे, पगार तुटपुंजा, त्यामुळे तरुण डॉक्टर येईनात. सर्जन मंडळींची अडचण वेगळी होती. टेबलाच्या डोक्याकडे उभी असलेली व्यक्ती आपले ऐकणारी परिचारिका असते, याची त्यांना सवय होती. आता तिथे बरोबरीची डॉक्टर उभी राहून रुग्णाचा श्वास बिघडतोय, थांबा, असे सांगणार, हे पचायला वेळ लागला. मग महायुद्ध आले आणि होती ती माणसेही लष्करात गेली.

या सगळ्यात अ‍ॅपगार शिकवत राहिल्या. निवासी डॉक्टर, वैद्यकीय विद्यार्थी, जो समोर येईल त्याला. त्यांचे बोलणे अतिशय वेगवान होते आणि संकोच नावालाही नव्हता. पाठीच्या कण्याच्या तळाशी सुई घालून भूल देण्यासाठी माकडहाडाची जागा बोटाने ओळखता यावी लागते. अ‍ॅपगार यांचे स्वतःचे माकडहाड जरा विचित्र कोनात वळलेले होते. विद्यार्थ्यांनी ते कपड्यावरूनच चाचपून पाहावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या पर्समध्ये श्वासनलिकेत घालायची नळी आणि चाकू कायम असे. रस्त्यात अपघात दिसला की त्या थांबत. आपल्या समोर कुणाचा श्वास थांबता कामा नये, हा त्यांचा हट्टच होता.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यांच्यासारख्यांच्या प्रयत्नाने भूलशास्त्र ही डॉक्टरांची विशेष शाखा झाली, तिला मान मिळाला. त्याच वेळी ज्या परिचारिकांनी हे काम वर्षानुवर्षे वाहिले होते, त्या मोठ्या अध्यापन रुग्णालयांत हळूहळू बाजूला पडल्या. ज्ञान वर गेले, शिकवणाऱ्या खालीच राहिल्या. पुढे अ‍ॅपगार यांनाही याच प्रकारातला अनुभव आला. १९४९ मध्ये भूल विभाग सर्जरीपासून वेगळा होऊन स्वतंत्र झाला, तेव्हा तो उभा करणाऱ्या बाईंना प्रमुखपद मिळाले नाही. ते इमॅन्युएल पॅपर या तरुण डॉक्टरांकडे गेले. अ‍ॅपगार यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले. त्या महाविद्यालयात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. हा सन्मान होता आणि डावलणेही होते. त्यांनी जाहीर तक्रार करण्यात वेळ घालवला नाही. कारभारातून सुटका झाली होती, त्या प्रसूतिगृहाकडे वळल्या.

प्रसूतिगृहात तेव्हा काय चालत असे, हे समजल्याशिवाय पुढचे महत्त्व कळणार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतले बालमृत्यू झपाट्याने कमी झाले होते. स्वच्छ दूध, स्वच्छ पाणी, लसी यांनी आपले काम केले. पण जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांतले मृत्यू फारसे हलले नव्हते. खोलीत माणसे तर भरपूर असत. प्रसूतितज्ज्ञाचे लक्ष आईच्या रक्तस्रावाकडे आणि टाक्यांकडे. भूल देणाऱ्याचे लक्षही आईकडेच, कारण रुग्ण ती. बाळ गुंडाळून परिचारिकेच्या हातात. बालरोगतज्ज्ञ दुसऱ्या इमारतीत, बोलावले तर येणार. बाळ रडले तर प्रश्न नव्हता. नाही रडले, निळे पडले, लुळे राहिले, तर ते कुणाचे? प्रत्येकाला वाटे दुसरा बघतोय. अशक्त, निळ्या बाळांची नोंद कित्येकदा मृतजन्म म्हणून होई आणि ती बाजूला ठेवली जात. त्यांतली काही थोड्या श्वासाने उभी राहिली असती.

सगळे जण आपापले शास्त्र उत्तम जाणत होते. एकमेकांशी बोलायला त्यांच्याकडे समान भाषा नव्हती. ‘बाळ जरा मंद आहे’ याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा.

१९४९ मधली गोष्ट सांगतात ती अशी. रुग्णालयाच्या उपाहारगृहात सकाळी नाश्ता चालू असताना एका विद्यार्थ्याने अ‍ॅपगार यांना विचारले, की नुकत्याच जन्मलेल्या बाळाची स्थिती नेमकी ठरवायची कशी. सोपे आहे, म्हणून त्यांनी हाताला लागला तो कागदाचा तुकडा घेतला, पाच मुद्दे लिहिले आणि लगेच उठून प्रसूतिगृहात ते तपासून पाहायला गेल्या. हृदयाचे ठोके, श्वास, नाकातोंडात नळी फिरवल्यावरची प्रतिक्रिया, स्नायूंचा ताण आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके शंभराच्या वर असले तर दोन, कमी असले तर एक, नसलेच तर शून्य. बाळ जोरात रडले तर श्वासाचे दोन, श्वास अडखळत असला तर एक. वेळ ठरवली जन्मानंतर एक मिनिट.

हे पाचही मुद्दे भूलतज्ज्ञ टेबलावरच्या रुग्णात दर क्षणाला पाहतच असतो. परिचारिकांशेजारी उभे राहून जे डोळ्यांत बसले होते, तेच अ‍ॅपगार यांनी बाळाला लावले. त्याला यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही. दोन डोळे, दोन कान, एक बोट आणि घड्याळ पुरते. सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापकाने काढलेला सात आणि पहिल्या वर्षाच्या परिचारिकेने काढलेला सात यांत फरक नाही.

हजारावर बाळांची अशी तपासणी करून त्यांनी १९५२ मध्ये भूलतज्ज्ञांच्या परिषदेत ती मांडली आणि १९५३ मध्ये लेख प्रसिद्ध केला. पाचांतला रंग हा निकष सर्वांत कमी भरवशाचा आहे, हे त्यांनी स्वतःच त्यात लिहिले होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या बाळांबाबत आपल्याकडे हे जास्तच जाणवते. तिथे जीभ आणि ओठांच्या आतली बाजू पाहावी लागते.

गुण कुणी द्यावेत, याबद्दल त्या काटेकोर होत्या. ज्याने प्रसूती केली त्याने देऊ नयेत. आपल्या हातून झालेल्या बाळंतपणाला कमी गुण देणे माणसाला जड जाते, नकळत एखादा गुण वाढतो. म्हणून खोलीतल्या दुसऱ्या कुणीतरी, परिचारिकेने किंवा अन्य डॉक्टरने ते द्यावेत. वरवर हा तपशील वाटेल. पण यामुळे प्रसूतितज्ज्ञाच्या कामाशेजारी परिचारिकेने दिलेला आकडा कायमचा कागदावर राहू लागला. तीन आकडा उच्चारला गेला की ‘कुणीतरी बघेल’ म्हणायला जागा उरली नाही.

आकडा हाती आल्यावर प्रश्नही नेमके विचारता येऊ लागले. अ‍ॅपगार यांच्या जोडीला भूलशास्त्रातले डंकन होलाडे आणि बालरोगतज्ज्ञ स्टॅन्ली जेम्स आले. होलाडे यांना रक्तातले वायू अचूक मोजता येत, जेम्स यांना नवजात बाळाचे शरीर कळत होते. कमी गुणांच्या बाळांच्या रक्तात प्राणवायू कमी आणि आम्लता जास्त, हे तिघांनी मिळून दाखवले. जन्मतः प्राणवायू थोडा कमी असायचाच, असे मानून गप्प बसण्याची रीत तिथून मोडू लागली. अशा बाळाला चापट्या मारून किंवा गार-गरम पाण्यात बुचकळून काही साधत नाही. त्याच्या फुफ्फुसात हवा जायला हवी.

याच कामात एक अवघड निष्कर्ष निघाला. आईला सायक्लोप्रोपेन वायूची भूल दिली की बाळे मंद जन्मत, त्यांचे गुण कमी येत. तो वायू अ‍ॅपगार यांचा आवडता होता, त्यांनी तो वर्षानुवर्षे वापरला होता. आकडे पाहिल्यावर त्यांनी प्रसूतीत तो वापरणे सोडून दिले. आपली आवडती पद्धत आपल्याच मोजपट्टीवर नापास झाली, तर ती सोडणारे लोक वैद्यकात फार नाहीत.

पुढे अमेरिकेतल्या १२ संस्थांनी १७,२२१ बाळांवर केलेल्या एकत्रित अभ्यासात या गुणांचा आणि बाळ जगण्याचा संबंध स्पष्ट झाला, विशेषतः पाचव्या मिनिटाच्या गुणांचा. म्हणून आपल्या कार्डावर दोन आकडे असतात. कोलंबिया सोडेपर्यंत अ‍ॅपगार स्वतः १७ हजारांहून अधिक जन्मांना हजर होत्या.

१९५९ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. पुन्हा विद्यार्थिनी, पुन्हा आपल्याहून लहान मुलांच्या बाकावर. तिथून ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेत जन्मजात व्यंगांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून गेल्या. अखेरपर्यंत त्या देशभर फिरत राहिल्या. डॉक्टर, परिचारिका, आईबाप, देणगीदार, सगळ्यांपुढे त्याच वेगाने बोलत. गरोदरपणातला रुबेला, आई-बाळाच्या रक्तगटातला ऱ्हीसस दोष, अपुऱ्या दिवसांचे बाळ हे विषय त्यांनी घरोघरी नेले. जोन बेक यांच्याबरोबर पालकांसाठी पुस्तकही लिहिले. कॉर्नेल विद्यापीठात बालरोग विभागात जन्मव्यंगे हा विषय शिकवला.

त्यांच्या नावाची अक्षरे घेऊन पाच निकष आठवण्याची इंग्रजी युक्ती साठीच्या दशकाच्या सुरुवातीला जोसेफ बटरफील्ड या बालरोगतज्ज्ञाने काढली. अ‍ॅपगार यांना तिची मोठी गंमत वाटली. गोची अशी झाली, की मुले ती युक्ती पाठ करतात आणि हे माणसाचे नाव आहे हे विसरतात.

त्यांच्या नावाचा गैरवापरही झाला. पहिल्या मिनिटाच्या कमी गुणांवरून बाळाच्या बुद्धीचे भविष्य सांगणे, कोर्टात त्याच्या आधारे दोष ठरवणे, यासाठी हा आकडा बनलेला नाही. बाळाला श्वास द्यायचा की नाही, हे ठरवण्यासाठीही मिनिटभर थांबायचे नसते. बाळ रडत नसेल तर पुसून, ऊब देऊन, तोंड-नाक मोकळे करून पहिल्या मिनिटाच्या आतच पिशवी-मास्कने श्वास सुरू व्हायला हवा. भारतात २००९ मध्ये सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात डॉक्टर, परिचारिका आणि एएनएम यांना हेच शिकवले जाते. त्याआधी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या बायकांना न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला शिकवून दाखवले होते. त्या वेळी अनेक डॉक्टरांना ते धाडस वाटले.

अ‍ॅपगार यांनी लग्न केले नाही. मासेमारी, बागकाम, टपाल तिकिटे, पन्नाशीनंतर विमान चालवण्याचे धडे, असे त्यांचे छंद होते. सर्वांत मोठा छंद वाद्ये. कार्लीन हचिन्स ही विज्ञान शिक्षिका त्यांच्याकडे रुग्ण म्हणून आली, ती वाद्ये घडवत असे. डॉक्टरीणबाई लगेच तिच्या शिष्या झाल्या आणि रात्री जागून लाकूड तासू लागल्या. रुग्णालयातल्या टेलिफोनच्या खोलीत मेपलच्या सुंदर लाकडाची एक फळी होती. ती व्हायोलाच्या पाठीसाठी हवी होती, रुग्णालय देईना. मग एका रात्री दोघी गेल्या. अ‍ॅपगार बाहेर पहाऱ्यावर, हचिन्स आत. तशीच दिसणारी दुसरी फळी बसवून मूळची पळवली.

यकृताच्या आजाराने ७ ऑगस्ट १९७४ रोजी अ‍ॅपगार यांचे निधन झाले, त्याच कोलंबियाच्या रुग्णालयात. १९९४ मध्ये अमेरिकेने त्यांच्या नावाचे २० सेंटचे टपाल तिकीट काढले. ते प्रकाशित झाले डॅलस येथे, बालरोगतज्ज्ञांच्या संमेलनात. तिथे डॉक्टरांच्याच एका चौकडीने वादन केले. वाद्ये अ‍ॅपगार यांनी स्वतः घडवलेली होती, आणि त्यांत टेलिफोनच्या फळीचा तो व्हायोलाही होता.